माझे चुकले

मराठी भाषेत चुकीची कबुली देण्याच्या दोन रीती आहेत. एक ‘चूक झाली’ असे म्हणण्याची आणि दुसरी ‘मी चुकलो’ असे म्हणण्याची. वरवर पाहता दोहोंचा अर्थ एकच. परंतु मी सत्तावीस वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकविले असल्यामुळे मला यातील भेद जरा अधिक जाणवतो. ‘चूक झाली’ या वाक्याचा कर्ता कोण, असे विचारले तर व्याकरण सांगते, की कर्ता ‘चूक’ हाच. म्हणजे जे काही केले ते चुकीने केले; आपण तेथे नुसते साक्षीदार होतो. ‘मी चुकलो’ या वाक्यात मात्र एक मनुष्य उभा असतो आणि त्याला पळायला जागा नसते. हातातून बशी पडली की लहान मूल ‘बशी फुटली’ असे सांगत येते; ‘मी फोडली’ म्हणणारे मूल विरळा. मोठेपणी आपण त्या मुलाहून शहाणे होतो असे नाही. आपल्याला फक्त ‘अनवधानाने’ आणि ‘परिस्थितीवशात्’ असे जड शब्द सापडतात.

ही हकीगत माझी स्वतःची आहे. ज्याच्या बाबतीत मी चुकलो, त्याच्या परवानगीने ती सांगत आहे. ‘माझे नाव तेवढे घेऊ नका,’ असे त्याने बजावले आहे, तेव्हा ते घेत नाही. शाळेचेही घेत नाही.

साल १९८६. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी नववीचा वर्गशिक्षक होतो. सहलीची वर्गणी गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी मधल्या सुटीनंतर मी पैसे मोजले आणि एकशे चाळीस रुपये कमी भरले. सुटीत वर्गात एकच मुलगा बसून होता. त्याने डबा आणलेला नव्हता. तो बहुधा आणीतच नसे, आणि म्हणून सुटीत बाहेर जातही नसे. आज मला हे दिसते. त्या दिवशी मला एवढेच दिसले, की पैसे गेले आहेत आणि हा एकटा आत होता. मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभे केले आणि तीनदा विचारले. तिन्ही वेळा तो ‘नाही’ म्हणाला. तिसऱ्या ‘नाही’ला त्याचा आवाज कापला, आणि तो कापरा आवाज मी पुरावा म्हणून धरला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. गवंड्याच्या हाताखाली काम करणारे गृहस्थ. त्यांनी कुणाकडून तरी उसने आणलेले एकशे चाळीस रुपये माझ्या टेबलावर ठेवले, हात जोडले आणि मुलाला घेऊन गेले. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

एप्रिल महिन्यात वर्षाचे कागद आवरताना मी हजेरीपटाचे तपकिरी वेष्टन काढले, तेव्हा त्याच्या घडीतून नोटा खाली पडल्या. सुरक्षित राहाव्यात म्हणून मीच त्या तेथे सारल्या होत्या आणि विसरलो होतो.

मग मी काय केले? मी एकशे चाळीस रुपयांची मनिऑर्डर केली. मनिऑर्डरच्या कुपनावर त्या वेळी दोन शब्द लिहिण्यापुरती जागा असे. तेथे मी लिहिले: ‘जादा जमा झालेली वर्गणी परत’. वर्गणी जमा ‘झाली’ होती, ती जादा ‘झाली’ होती, आणि आता परत ‘जात’ होती. त्या वाक्यात मी कोठेच नव्हतो. इतकी वर्षे शिकविलेले व्याकरण मी असे कामी आणले. मुख्याध्यापकांना सांगितले नाही. वर्गाला तर नाहीच नाही.

दोनएक वर्षे हा विषय मी कुणाशी बोललो नाही. पुढे एकदा सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघेच उरलो होतो. मी आणि इतिहास शिकविणाऱ्या एक ख्रिस्ती बाई. माझ्या पुढ्यातील पत्रिकेवर त्या मुलाच्या धाकट्या भावाचे नाव होते. ते पाहून मला राहवले नाही. सर्व ऐकून बाई माझे सांत्वन करतील, ‘अहो, माणूस आहे, होते असे,’ म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. त्या तसे काही म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “सर, तुम्ही तीनदा विचारलंत म्हणालात. आमच्याकडेही तीनदाची एक गोष्ट आहे. पण तिच्यात खोटं बोलतो तो आमचा पुढारी आहे.”

ती पेत्राची गोष्ट होती. ख्रिस्ती श्रोत्यांना ती पाठ असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. येशूला पकडून प्रमुख याजकाच्या वाड्यात आणले आहे. रात्रीची थंडी आहे, म्हणून अंगणात नोकरांनी आणि शिपायांनी कोळशांचा विस्तव केला आहे. पेत्र त्यांच्यात शेकत उभा आहे. इतर सारे सोडून गेले तरी मी जाणार नाही, असे याच पेत्राने काही तासांपूर्वी सर्वांदेखत सांगितले होते. एक दासी त्याला ओळखते. तो कानांवर हात ठेवतो. पुन्हा कोणी विचारतो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लोक म्हणतात, तुझ्या बोलीवरूनच कळते की तू गालीलचा. वऱ्हाडातल्या माणसाने पुण्यात तोंड उघडताच तो ओळखला जावा, तशातला हा प्रकार. पेत्र शपथेवर नाकारतो आणि कोंबडा आरवतो. तो बाहेर जातो आणि ढसढसा रडतो. पुढे ज्याच्याकडे मंडळीचे नेतृत्व आले, त्या माणसाची ही फजिती चारही शुभवर्तमानांनी नोंदविली आहे. एकानेही ती गाळलेली नाही. आपल्या थोर पुरुषांची चरित्रे आपण कशी लिहितो हे मनात आणले, म्हणजे या न गाळण्याचे मोल कळते.

त्याच रात्री आणखी एक मनुष्य चुकला होता. यहूदा. त्याला पश्चात्ताप झाला नाही असा एक समज आहे, पण तो खरा नाही. मत्तयाने स्पष्ट सांगितले आहे, की तो तीस रुपये घेऊन परत गेला आणि मी पाप केले असे त्याने बोलून दाखविले. ‘चूक झाली’ असे नव्हे, ‘मी केले’ असे. व्याकरण अगदी शुद्ध होते. पण हे तो ज्यांना सांगावयास गेला, त्यांना त्या माणसाशीही कर्तव्य नव्हते आणि त्या पश्चात्तापाशीही नव्हते; तुझे तू पाहून घे, असे म्हणून त्यांनी त्याला लावून दिले. त्यानंतर त्याने स्वतःचा न्याय स्वतःच केला. पेत्र रडला आणि जिवंत राहिला. यहूदा परत गेला आणि मेला. दोघांच्या अपराधांत मला फारसे अंतर दिसत नाही. अंतर आहे ते पुढच्या सकाळी कोण कुणाच्या समोर आले, यात.

ती पुढची सकाळ योहानाने सांगितली आहे, आणि माझ्या मते सबंध नव्या करारात इतकी साधी आणि इतकी हृदयस्पर्शी जागा दुसरी नाही. पुनरुत्थानानंतरची गोष्ट. शिष्य रात्रभर मासे धरावयास गेले आहेत आणि काही मिळालेले नाही. पहाटे काठावर येशू उभा आहे. त्याने कोळशांचा विस्तव केला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. कोळशांच्या विस्तवाला मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, ‘अँथ्राकिया’, तो नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: एकदा ज्या विस्तवाजवळ पेत्र खोटे बोलला तेथे, आणि दुसऱ्यांदा येथे. खाणे झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो, की माझ्यावर तुझी प्रीती आहे काय. ‘असे का केलेस,’ हे एकदाही विचारीत नाही. आणि तिन्ही वेळा त्याच्यावर काम सोपवितो: माझी मेंढरे राख. ज्याने विश्वासघात केला त्याच्यावरच विश्वास टाकावयाचा, हा त्या क्षमेचा प्रकार.

बाईंनी मला त्याच सुमारास लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावयास सांगितली. मी ती अभ्यासक्रमातील उताऱ्यापुरती वाचली होती. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळातील राग, हट्ट, सोवळे-ओवळे हे सारे त्या बाईने स्वतःला न वाचविता सांगितले आहे. आणि तेही हसत हसत! आपल्या चुकांविषयी बोलताना छाती पिटण्याची आवश्यकता नसते, हे मला तेथे प्रथम कळले. छाती पिटणाराही बहुधा स्वतःकडेच पाहत असतो.

आमच्या घरी रोज देवापुढे अपराधांची क्षमा मागितली जाते. कळत-नकळत जे घडले असेल ते पदरात घ्यावे, अशी प्रार्थना लहानपणापासून माझ्या तोंडी आहे. तिची थोरवी मी कमी लेखत नाही, आणि मी अजून त्याच देवापुढे उभा राहतो. पण ‘कळत-नकळत’ या शब्दांच्या छायेत मी पुष्कळ काही झाकून ठेवीत होतो, हे कबूल केले पाहिजे. सर्व अपराधांची एकदम क्षमा मागितली, की एकाही अपराधाकडे पाहावे लागत नाही. एकशे चाळीस रुपयांचा अपराध एकशे चाळीस रुपयांचाच म्हणून सांगावा लागतो. गोव्याकडे कॅथॉलिक लोक ज्याला कुमसार म्हणतात, त्या पापनिवेदनात हीच अट आहे. केव्हा, काय, किती वेळा हे उच्चारावे लागते. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने ते प्रत्येकाला वर्षातून निदान एकदा बंधनकारक केले. त्या प्रथेवर टीकाही पुष्कळ झाली आहे, आणि तिचा दुरुपयोग झाला हे खरेच आहे. परंतु मनुष्याच्या पळवाटा ज्याने ती अट घातली त्याला चांगल्या ठाऊक असाव्यात.

क्षमा लवकर मिळते आणि चूक उशिरा कळते, असेही होऊ शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. जॉन न्यूटन या खलाशाची गोष्ट बहुधा अशी सांगतात: तो गुलामांचा व्यापारी होता, वादळात सापडला, देवाचा धावा केला, गुलामांचा धंदा सोडला आणि जगभर गायिले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र लिहिले. गोष्ट गोड आहे. दुर्दैवाने ती तशी घडलेली नाही. ते वादळ १७४८ सालचे. त्यानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान ‘झाला’, आणि १७५४ पर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरून नेत राहिला. जहाजावर तो नेमाने प्रार्थना करी. आणि खाली तळघरात माणसे साखळदंडात होती. १७५४ मध्ये त्याने जहाज सोडले ते एका आजारपणामुळे, सदसद्विवेकाच्या टोचणीने नव्हे. पुढे तो धर्मोपदेशक झाला, स्तोत्रे लिहिली, लोकांचा आवडता झाला. आपण त्या व्यापारात काय केले, हे त्याने जाहीरपणे सांगितले ते १७८८ साली, एक पुस्तिका लिहून. त्या वेळी तो बासष्ट वर्षांचा होता. ही कबुली फार उशिरा येत आहे, हे त्याने त्याच पुस्तिकेत मान्य केले. मग त्याने सरकारी चौकशीपुढे साक्षही दिली. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला, आणि त्याच डिसेंबरात न्यूटन वारला.

वादळापासून पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षे! या चाळीस वर्षांत तो ढोंगी होता काय? मला तसे वाटत नाही. त्याला क्षमेचा आनंद मिळाला होता, पण कशाची क्षमा मिळाली हे त्याला पुरते ठाऊक नव्हते. शिव्या आणि दुर्वर्तन ही त्याच्या यादीत होती, माणसे विकणे नव्हते. डीट्रिख बोनहॉफर या जर्मन धर्मपंडिताने १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ असा एक शब्द वापरला; ज्या क्षमेने जीवनात काहीच पालटत नाही ती. हिटलरच्या राजवटीने १९४५ मध्ये बोनहॉफरला फाशी दिले, तेव्हा महाग कृपा म्हणजे काय हे त्याने नुसते लिहून ठेवले नव्हते. न्यूटनची कृपा चाळीस वर्षे स्वस्त होती आणि मग महाग झाली, असे म्हणता येईल. पण जी जवळ होती तीच महाग झाली. ती मुळात नसती, तर इतक्या उशिरा एवढे बोलण्याचे बळ त्याला कोठून आले असते?

न्यूटनला चाळीस लागली, मला बावीस. २००८ साली, सेवानिवृत्तीनंतर, मी त्या मुलाचा ठावठिकाणा शोधून काढला. येशूच्या उपदेशात एक वचन आहे, की वेदीपाशी दान आणले असता भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. ते बाईंनी मला कधीच सांगितले होते. मी ते बरीच वर्षे न ऐकल्यासारखे केले.

बाजारपेठेत त्याचे मोटारी रिवाइंडिंग करण्याचे दुकान होते. त्याने मला लगेच ओळखले. ‘सर, बसा,’ म्हणाला, स्टूल पुसले, चहा सांगितला. मी वाटेत तयार केलेली वाक्ये एकेक विसरत गेलो आणि शेवटी म्हणालो, “त्या वेळी पैसे माझ्याकडेच होते. मी चुकलो.”

तो बराच वेळ तांब्याची तार गुंडाळीत राहिला. मग म्हणाला, “मनिऑर्डर आली तेव्हाच मला कळलं होतं सर. पण दादांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तर त्यांना वाटलं, पोरगं मनचं सांगतंय. शेवटपर्यंत मला विचारायचे, खरं सांग, घेतले होतेस का?” त्याचे वडील चार वर्षांपूर्वी वारले होते.

मी क्षमा मागितली. त्याने ‘केली’ असे म्हटले नाही, ‘नाही’ असेही म्हटले नाही. चहा आला, तो आम्ही घेतला.

परतीच्या एस. टी.त मला जे समजले, त्याला मी सांत्वन म्हणतो. तथापि ते सुखाचे नव्हते. ज्यांच्यापुढे मी खरा अपराधी, ते हात जोडून गेलेले गृहस्थ आता या जगात नव्हते. हे ऋण फेडण्याची सोयच उरली नव्हती. येशूच्या मातृभाषेत, अरामीमध्ये, ऋण आणि पाप यांना एकच शब्द आहे; म्हणूनच मत्तयाच्या प्रार्थनेत पापांऐवजी ऋणे सोडण्याची विनवणी येते. त्याने सांगितलेल्या दृष्टान्तात एका चाकराला राजाचे दहा हजार तलांत देणे असते. एक तलांत म्हणजे सहा हजार देनार आणि एक देनार म्हणजे मजुराचा एक रोज. हिशेब केला तर सहा कोटी रोज होतात. दृष्टान्त ऐकणाऱ्या शेतकऱ्यांना हसू आले असेल. फेडणार कसे? आणि तो चाकर तर राजाला सांगतो, थोडी मुदत द्या, सगळे फेडीन! राजा मुदत देत नाही, तो कर्जच सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर देनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो, हा पुढचा भाग प्रसिद्धच आहे.

कर्ज सुटणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते आणि रोखे बाहेर काढून जाळले. त्यांना कागद नाहीसा व्हावयास हवा होता, कारण कागद आहे तोवर मनुष्य मोकळा नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात हीच प्रतिमा आहे: आपल्याविरुद्ध हाताने लिहिलेला रोखा होता, तो क्रुसाला खिळून रद्द केला गेला. मी ख्रिस्ती नाही, आणि या श्रद्धेचा अर्थ सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण त्या एस. टी.त, फेडता न येणाऱ्या ऋणासह बसलेला असताना, जो रोखा मृत मनुष्य फाडू शकत नाही तो फाडणारा कुणीतरी आहे असे मानणाऱ्यांनी मला आधार दिला. यहूदाच्या वाटेने न जाता मला दुसऱ्या दिवशी उठता आले.

आणि उठून काहीतरी करावयाचे होते. यरीहोचा जकातदार जक्कय झाडावर चढून बसला होता. येशू आधी त्याला खाली बोलावतो आणि त्याच्या घरी उतरतो. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देईन, हे जक्कय त्यानंतर म्हणतो. क्षमा आधी, फेड मागून. आम्ही शाळेत याच्या उलट शिकवितो.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो आणि विचारले, माझ्याकडून काय व्हावे असे तुला वाटते. त्याने उत्तर तयारच ठेवले असावे. “वर्गातल्या पोरांना सांगा. अजून कुणाच्या घरी लग्नाकार्याला गेलो की मला वाटतं, हे माझ्या हातांकडे बघतायत.”

त्या वर्गात त्रेचाळीस मुले होती. एकतीस जणांचे पत्ते मला मिळाले. मी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. मजकूर चारच ओळींचा होता आणि त्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ होता. सुमारे निम्म्या लोकांची उत्तरे आली. काहींना तो प्रसंग आठवतही नव्हता. एकाने मलाच धीर दिला, तो मला नकोसा वाटला. मुंबईला गोदीत नोकरी करणाऱ्या एका मुलाने, म्हणजे आता गृहस्थाने, लिहिले: ‘सर, तो सुटीत जागचा उठला नव्हता, हे मी खिडकीतून पाहिले होते. तुमची भीती वाटली म्हणून त्या दिवशी बोललो नाही. मीही चुकलो. त्याचा पत्ता कळवावा.’

पत्ता मी त्याच दिवशी कळविला.